नाव मोठं झालं की वडापाव का बिघडतो?

अकोलेकर_ठाण्यात

मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे वडापावापेक्षा आलुबोंडा जास्त चालतो, वरून तर्री ओतून. नोकरी ठाण्यात लागली तेव्हा मुंबईचा खरा वडापाव खायचा हे मनात पक्कं होतं. मोबाइलवर 'इथला वडापाव खाल्लाच पाहिजे' अशा याद्या सारख्या फिरत असतात. त्यांतली बरीच ठिकाणं मी सुट्टीच्या दिवशी हिंडून पाहिली.

वडा मुठीएवढा, पण पहिल्या घासालाच बोटं तेलकट. आतलं सारण अगदी गुळगुळीत, चिकट आणि चक्क गोडसर. पाव मोठा, पण कडेने वाळलेला. एका ठिकाणी वड्यावर चीज किसून मेयोनीज पिळलं होतं आणि लसणीची चटणी वेगळी मागून घ्यावी लागली. रांग मात्र फुटपाथ ओलांडून रस्त्यावर आलेली.

उलट आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत एक काकू सकाळी कढई लावतात. पाटी नाही, नाव नाही. दहा वाजता सगळं आवरून निघून जातात. त्यांचा वडा लहान असतो, आत बटाट्याच्या फोडी दिसतात, आलं जिभेला लागतं आणि खाऊन झाल्यावर कागदावर तेलाचा डाग जेमतेम असतो.

हा फरक नक्की कुठे पडतो? 'फार अपेक्षा ठेवून गेलास' हे उत्तर मला पटत नाही. बरोबरच्या मित्राने काहीही वाचलं-पाहिलं नव्हतं, त्यानेसुद्धा अर्धा वडापाव ठेवून दिला. दुकानांची नावं नकोत, कुणाची बदनामी करायची नाही. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कारणं सांगावीत.

गिरणगाव

वडापाव कुणासाठी होता ते आधी बघा. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिऱ्हाईक कोण, तर पाळीवर जाणारा गिरणी कामगार आणि लोकल पकडणारा चाकरमानी. उभ्याने, एका हातात धरून, पाच मिनिटांत पोटाला आधार. त्यामुळे वडा बेताचा, पाव बेताचा, किंमत खिशाला झेपेल अशी. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि आमच्या भागात कितीतरी कामगारांनी पोटासाठी वड्याच्या गाड्या टाकल्या. प्रत्येक गाडीची चटणी वेगळी असे.

आता तोच वडापाव लोक गाडी करून बघायला येतात. बघायला येणाऱ्याला मोठा वडा लागतो, चीज लागतं. मुळात ज्या कामासाठी तो पदार्थ होता ते कामच बदललं.

गाडीवाल्याची_लेक

अकोलेकर दादा, तुमच्या काकू दहाला आवरून जातात ना, अर्धं उत्तर तिथेच आहे. जेवढं खपतं तेवढंच करतात, म्हणून हाताखालून निघतं.

गिरणगाव काकांनी लिहिलंय त्यातलंच आमचं घर. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. संपानंतर परत घेतलं नाही, मग त्यांनी घाटकोपरला गाडी लावली. शाळेत असल्यापासून बटाटे सोलणं माझ्याकडे आणि आलं-लसूण-मिरची वाटणं आईकडे. आता भाऊ तीच गाडी चालवतो. म्हणून सविस्तर लिहिते, कारण लोक 'चव बदलली' एवढंच म्हणतात आणि चव कशाने बदलली ते कुणी सांगत नाही.

तुम्हाला सारण गोड लागलं, त्यात साखर घातलेली नाही. तो बटाट्याचा दोष आहे. उत्तरेकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहात जातो. पावसाळाभर आणि पुढे दिवाळीपर्यंत बाजारात बराचसा तोच येत राहतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. असा बटाटा उकडला की गोड, तळला की लवकर काळपट. बाबा पोतं घेण्याआधी त्यातला एक बटाटा उकडून, मीठ न लावता खाऊन बघायचे. गोड निघाला तर ते पोतं उघडून घरात उबेला पसरून ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत गोडी बरीच उतरते. आमचं काम लहान, आम्हाला थांबता यायचं. जिथे रोज पोत्यांवर पोती लागतात तिथे आज आलेला बटाटा आजच पातेल्यात जातो.

दुसरं, ते गुळगुळीत सारण. उकडलेला बटाटा निथळायचा, त्याची वाफ जाऊ द्यायची आणि मग हातानेच कुस्करायचा. थोड्या फोडी राहिल्याच पाहिजेत. यंत्रातून काढला की बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं. मोठ्या ठिकाणी सारण एका जागी पहाटे किंवा आदल्या रात्री करून डब्यांतून निरनिराळ्या दुकानांत पाठवतात. तोवर कोथिंबीर काळवंडते, आल्याचा झटका जातो, सारणाला पाणी सुटतं. ओला गोळा तेलात गेला की आतली वाफ आवरण फोडते आणि त्या भेगेतून तेल आत. मग वडा फुटू नये म्हणून पीठ जाड भिजवतात, आणि जाड आवरण आतून कच्चट राहतं. सुरुवात बटाट्यापासून, पण खाणाऱ्याला वाटतं पीठच वाईट.

पीठ चांगलं असेल तर त्यात बेसन, मीठ, हळद, हिंग, थोडं तांदळाचं पीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन एवढंच पुरतं. सोडा घातला की वडा फुगतो, मोठा दिसतो, फोटोत छान येतो. पण सोड्याने आवरणाला जाळी पडते आणि त्या जाळीत तेल बसतं. मुठीएवढ्या वड्याचं हे एक कारण. बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असेल तर वास उग्र येतो, घशाशी राहतो.

आता तेल, आणि इथे मला सगळ्यांत जास्त सांगायचंय. वडा गरम तेलात पडला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर धावतं. ते बुडबुडे म्हणजे ती वाफ. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरता येत नाही. तेल १७० ते १८० अंशांवर असेल तर आवरण पटकन धरतं. कढईत मावतील त्यापेक्षा जास्त वडे सोडले की तेल एकदम निवतं, वाफेचा जोर ओसरतो आणि वडा तेल प्यायला लागतो. समोर लांब रांग उभी असताना 'या घाण्यात अजून दहा टाक' हा मोह कुणाला होणार नाही? मी भावाला या एका गोष्टीवरून बोलत आलेय. रांग थांबेल, तेल थांबत नाही.

आणि वडा बाहेर काढल्यावरही काम संपत नाही. पृष्ठभागावर जे तेल चिकटलेलं असतं ते वडा निवताना आत ओढलं जातं, कारण आतली वाफ थंड होऊन आकसते. म्हणून झारा कढईवर धरून, वडा कडकडीत असतानाच हलवून निथळायचा. बाबा झारा कढईच्या काठावर दोनदा आपटायचे, त्या आवाजावर लोकांना कळायचं की नवा घाणा आला. गर्दीच्या दुकानात वडे सरळ परातीत ओततात, एकावर एक. खालचे वडे वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात आणि स्वतःचंच तेल पिऊन बसतात.

तेल किती वेळा वापरायचं याला २०१८ पासून नियमही आहे. तेल पुन्हापुन्हा तापवून खराब होतं तसे त्यात ध्रुवीय घटक वाढत जातात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं साधन गाडीवाल्याकडे नसतं, पण डोळ्यांना आणि नाकाला कळतं. वड्याभोवती बुडबुड्यांऐवजी बारीक फेस जमून तो हटत नसेल, तेल दाट आणि काळपट झालं असेल, लवकर धूर येत असेल तर ते तेल संपलं.

हे सगळं सांभाळणं अवघड आहे, पण अशक्य नाही. मग नावाजलेल्या ठिकाणी का सांभाळत नाहीत? माझं मत असं आहे की तिथे सांगणारं गिऱ्हाईक उरत नाही. बाबांकडे तीच माणसं रोज यायची. आलं कमी पडलं तर संध्याकाळी परतताना थांबून सांगायची, 'आज काय झालं, आलं विसरलात?' दोन दिवस वडा बिघडला तर तिसऱ्या दिवशी ती माणसं पलीकडच्या गाडीवर दिसायची आणि बाबांचा जीव खालीवर व्हायचा. ज्याचं नाव लांबवर पोचलंय त्याच्याकडे माणूस आयुष्यात एकदा येतो. त्याला वडा आवडला नाही तरी तो गुपचूप निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा उभा असतो. रांग कमी होत नाही, मग मालकाला कळणार कसं? तुम्ही आणि तुमच्या मित्राने तरी जाऊन सांगितलंत का? राग मानू नका, पण सांगायला हवं होतं. चांगला मालक ऐकतो.

चीजबद्दल एकच सांगते. वडा खमंग असतो, चटणी झणझणीत असते, पाव सौम्य असतो. चीज आणि मेयोनीज या तिघांवर पसरतं आणि गार, शिळा वडासुद्धा त्याखाली खपून जातो. ज्याचा वडा चांगला आहे त्याला त्याची गरज नाही. माझी चिडचिड होते ती यासाठी, की पोरांना वाटायला लागलंय की वडापाव असाच असतो.

पावभट्टी

ताईंनी वड्याचं सगळं लिहिलं, पावाचं राहिलं. माझ्या मामांची बेकरी आहे.

पाव लादीत असतो तोवर त्याच्या कडा मऊ राहतात, कारण त्या एकमेकांना चिकटून भाजलेल्या असतात, त्यांना वरच्यासारखं कवच नसतं. गिऱ्हाईक आलं की लादीतून तोडायचा. गर्दीच्या ठिकाणी वेळ वाचवायला सकाळीच सगळे पाव तोडून, चिरून, चटणी लावून ठेवतात. तासाभरात कडा वाळतात आणि चटणीचं मीठ पावातलं पाणी ओढून मध्ये चिखल करतं. अकोलेकर, तुमचा कोरडा पाव शिळा असेलच असं नाही, आधी तोडलेला असेल.

आणि वडा मोठा केला की पाव मोठा मागतात. मोठा पाव लवकर फुगवायचा तर यीस्ट वाढवतात, पिठाला मुरायला वेळ देत नाहीत. असा पाव हलका लागतो, पण चव नसते आणि दुपारपर्यंत भुगा होतो.

मुंबईत आता भट्ट्याही बदलताहेत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. धुराचा त्रास खरा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भट्टी बदलली म्हणून पावाची चव गेली असं जो म्हणेल त्याला मी विचारेन, पीठ किती वेळ मुरवलं?

घाटाखालचा

मी रेल्वेतून निवृत्त झालो, बरीच वर्षं कर्जत-लोणावळा पट्ट्यात काढली. ताई म्हणतात ते बरोबर, पण नाव मोठं झालं की वडा बिघडतोच असं नाही. कर्जतचा वडा बघा.

भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आम्ही त्यांना बँकर म्हणतो. ती जोडेपर्यंत गाडी काही मिनिटं उभी राहते आणि तेवढ्यात फलाटावर वडे खपतात. विकणाऱ्याला कुठली गाडी कधी येणार हे पाठ असतं, त्या हिशोबाने कढई चालते. म्हणजे गर्दी प्रचंड, पण ठरलेल्या वेळी येणारी. वडा तळून हातात पडेपर्यंत फार वेळ जात नाही. आणि रोज पुणे-मुंबई करणारे पासधारक असतात, त्यांच्यापुढे वाईट माल चालत नाही. ताईंचं रोजच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं इथे लागू पडतं.

निराशा कुणाची होते? जो पुढच्या डब्यात बसून घाटात मध्येच फिरत्या विक्रेत्याकडून घेतो त्याची. तोवर वडा टोपलीत कागदाखाली घामेजलेला असतो. नाव तेच, पण वेळ निघून गेलेली. द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्येही मला हेच दिसतं, वडे तळून काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलेले. गरम लागतात, ताजे नसतात.

अकोलेकर_ठाण्यात

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, आम्ही काही न बोलता निघालो होतो. पुढच्या वेळी सांगेन.

आता दोन गोष्टी विचारतो. पैसे देण्याआधी नुसतं बघून वडा चांगला असेल की नाही हे कसं ओळखायचं? आणि घरी पार्सल मागवलं तर काही उपाय आहे का? आमच्याकडे पावसात सगळे तेच करतात. जमलं तर चटणीही सांगा, अकोल्याला आईला करून खायला घालायची आहे.

गाडीवाल्याची_लेक

नक्की सांगते.

आधी परात बघा, कढई नंतर. परातीत वड्यांचा ढीग असेल आणि त्यातूनच देत असतील तर पुढचा घाणा निघेपर्यंत थांबा. 'नवीन निघाले की द्या, थांबतो' म्हटलं की बहुतेक जण आनंदाने देतात. कढईत वडे एकमेकांना न चिकटता फिरत असले पाहिजेत. वडा टाकल्या टाकल्या भरपूर मोठे बुडबुडे आणि खळखळ आवाज हवा. नुसता मंद फेस असेल तर निघा. चुरा मागा. बेसनाचे ते तुकडे कुरकुरीत आणि सोनेरी असतील तर तेल चांगलं. काळे ठिपके लागलेले, कडवट असतील तर त्या तेलात वडाही तसाच निघणार. मिरच्या तळून मीठ लावून ठेवल्या असतील तर त्या हिरव्या दिसताहेत का तेही पाहा.

आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर साधा कागद मागा. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून त्याला मनाई आहे. आमच्या गाडीवरही पूर्वी वर्तमानपत्रच असायचं, आता भावाने बंद केलंय.

पार्सलबद्दल: बंद डब्यात वडा आला की तो स्वतःच्या वाफेत भिजतो, त्यात कुणाचाच दोष नाही. मागवायचंच असेल तर वडे आणि पाव वेगळे बांधून घ्या, चटणी आत लावू देऊ नका. आल्यावर वडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करा. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, आवरण चिवट होतं. पाव मात्र तव्यावर नुसताच, तेल-लोणी न लावता, क्षणभर ठेवा.

चटणी. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर गुलाबीसर भाजून बाजूला काढा. त्याच कढईत चमचाभर तेलावर पंधरा-वीस लसूणपाकळ्या परता. त्या सालीसकट घेतल्या तरी चालतात, चव जास्त येते. मूठभर शेंगदाणे भाजून घ्या. वडे तळले असतील तर मूठभर चुराही घ्या, गाडीवरच्या चटणीची चव त्यानेच येते. सगळं निवल्यावर मीठ आणि दोन चमचे तिखट घालून जाडसर वाटा. तिखट बेडगी आणि लवंगी मिसळून घ्या, एकाने रंग येतो, एकाने जाळ. यंत्र थांबवत थांबवत फिरवा, सलग फिरवलं तर खोबऱ्याला तेल सुटून गोळा होतो. आईंना सांगा, तिखट गरम खोबऱ्यात घालायचं नाही. चटणी कोरड्या बरणीत ठेवली तर आठ-दहा दिवस बाहेर टिकते, पावसाळ्यात मात्र फ्रीजमध्येच ठेवा.